संथ जहाजे आणि वादळाची वाट

उष्ण कटिबंधातले चक्रीवादळ खुल्या समुद्रावर बहुधा ताशी १५ ते २० किलोमीटर वेगाने पुढे सरकते. टगच्या दोराने ओढून नेला जाणारा तेलविहिरीचा तराफा ताशी तीन-चार सागरी मैल चालतो. म्हणजे दिवसभरात वादळ ३६० ते ४८० किलोमीटर कापते आणि तराफा १३० ते १८०. शिडाची छोटी नौका वारा मनासारखा असेल तर थोडी पुढे जाते आणि वारा पडला की जागीच डोलत राहते. नांगरून ठेवलेले निवासी बार्ज तर टग आल्याशिवाय हलतही नाही. माणसे आठवडेच्या आठवडे जिथे राहतात, जेवतात, झोपतात अशा या संथ तरत्या घरांना वादळापुढे पळून जाणे कधीच जमले नाही. वादळाच्या वाटेतून वेळेत बाजूला होणे एवढेच त्यांच्या हाती असते. सोसाट्याच्या वाऱ्याचा पट्टा वादळाच्या केंद्रापासून दोनशे-तीनशे किलोमीटर पसरलेला असू शकतो. त्याच्या बाहेर राहायचे तर संथ जहाजाला दोन दिवस आधी निघावे लागते, आणि त्यासाठी वादळ कुठे आहे व कुठे जाणार हे त्याहूनही आधी कळावे लागते. हा आगाऊ वेळ दर्यावर्दी लोकांनी कसकसा मिळवला, त्याचा इतिहास दोन-अडीचशे वर्षांचा आहे. त्याची मुळे मात्र त्याहून जुनी आहेत.

ऋतूंचे वेळापत्रक

पहिला उपाय पंचांगाचा होता. हिंदी महासागराच्या उत्तर भागात वारा वर्षातून दोनदा दिशा बदलतो. हिवाळ्यात तो ईशान्येकडून वाहतो आणि जूनपासून नैऋत्येकडून. शिडाच्या जहाजांचा सगळा व्यापार या अदलाबदलीवर बेतलेला होता. अरबी नाविक अहमद इब्न माजिद याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या नौकानयनाच्या ग्रंथात कोणत्या बंदरातून कधी निघावे, याच्या मुदती नौरोजपासून मोजलेल्या दिवसांत दिल्या आहेत. मुदत चुकली तर जहाजाने पुढच्या हंगामापर्यंत बंदरात थांबावे, हा त्या व्यापाराचा रिवाज होता. पश्चिम भारताचा किनारा पावसाळ्याचे सुमारे तीन महिने जहाजांना बंदच असे.

कोकणात हेच वेळापत्रक गावोगाव पाळले जाई. पाऊस सुरू होण्यापूर्वी होड्या आणि मचवे किनाऱ्यावर ओढून घेत, झावळ्यांनी शाकारून ठेवत. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण केला की मगच नावा पुन्हा पाण्यात जात. या प्रथेने खवळलेल्या पावसाळी समुद्रापासून रक्षण केले, पण चक्रीवादळाचा प्रश्न तिने पुरता सुटत नव्हता. अरबी समुद्रातली चक्रीवादळे मुख्यतः मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये होतात. ऐन पावसाळ्यात खालच्या थरातले आणि वरच्या थरातले वारे एकमेकांविरुद्ध जोराने वाहत असल्याने वादळाचा स्तंभ उभाच राहत नाही. धोका असतो तो नौकानयनाच्या हंगामाच्या दोन्ही टोकांना: नावा नुकत्याच बाहेर पडलेल्या असताना आणि शेवटची फेरी उरकून परतत असताना. पंचांग महिना सांगे. दिवस सांगू शकत नसे.

फिरणारे आणि चालणारे वादळ

दिवस सांगायचा तर वादळाची रचना कळायला हवी होती. अठराव्या शतकापर्यंत वारा ज्या दिशेने येतो त्याच दिशेहून वादळ येते, असाच सर्वसाधारण समज होता. १७४३ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनला फिलाडेल्फियात वादळामुळे चंद्रग्रहण दिसले नाही. ईशान्येला असलेल्या बोस्टनमध्ये मात्र ते दिसले आणि वादळ नंतर पोहोचले. वारा तर ईशान्येकडून येत होता. म्हणजे वारा एकीकडून वाहतो आणि वादळ भलतीकडून चालून येते, हे त्यावरून उघड झाले.

१८०१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले कर्नल जेम्स कॅपर यांनी मद्रास आणि पुद्दुचेरीच्या किनाऱ्यावरील वादळांचा अभ्यास करून ती प्रचंड आकाराच्या वावटळी असल्याचे मांडले. त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. १८२१ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात वादळ होऊन गेल्यावर विल्यम रेडफिल्ड त्या मुलखातून पायी प्रवास करत होता. एका भागात झाडे वायव्येकडे डोके करून पडली होती, तर काही मैल पुढे नेमकी उलट्या दिशेला. सरळ रेषेत वाहणाऱ्या वाऱ्याने असे घडणे शक्य नव्हते. रेडफिल्ड मूळचा खोगीर बनवणारा कारागीर. पुढे तो आगबोटींच्या व्यवसायात शिरला. त्याने आपले निरीक्षण १८३१ मध्ये प्रसिद्ध केले.

त्याच वर्षी बार्बाडोस बेटावर भीषण वादळ झाले. पडझडीनंतरच्या बांधकामासाठी पाठवलेला ब्रिटिश लष्करी अभियंता विल्यम रीड या विषयाकडे ओढला गेला. त्याने जहाजांच्या नोंदवह्या गोळा केल्या, प्रत्येक जहाजाची जागा आणि तिथला वारा नकाशावर मांडला आणि १८३८ मध्ये वादळाच्या नियमावर ग्रंथ लिहिला. त्याने तपासलेल्या वादळांत मार्च १८०९ चे हिंदी महासागरातले वादळ होते. भारतातून इंग्लंडकडे निघालेल्या कंपनीच्या ताफ्यातली चार मोठी जहाजे त्यात माणसांसह नाहीशी झाली होती. एकाच ताफ्यातली जहाजे वादळात निरनिराळ्या रीतीने वागली आणि त्यांचे नशीबही निरनिराळे ठरले. जहाजाचे भवितव्य वाऱ्याच्या जोराइतकेच त्याने धरलेल्या दिशेवर अवलंबून असते, हे नोंदवह्यांतून प्रथमच स्पष्ट दिसले.

चार्ल्स हेडलच्या पाच फेऱ्या

हा नियम सामान्य कप्तानाच्या हाती दिला तो हेन्री पिडिंग्टनने. तो आधी स्वतः जहाजाचा कप्तान होता. नंतर तो कलकत्त्यात स्थायिक झाला आणि तिथल्या सागरी अपघातांच्या चौकशी न्यायालयाचा अध्यक्ष बनला. बुडालेल्या आणि बचावलेल्या जहाजांच्या हकिकती त्याच्यासमोर रोजच्या कामातच येत. १८३९ पासून त्याने बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एकेका वादळाची चिकित्सा छापायला सुरुवात केली. ‘सायक्लोन’ ही संज्ञाही त्याचीच.

त्याच्या हाती आलेल्या नोंदींपैकी सर्वांत बोलकी नोंद ‘चार्ल्स हेडल’ या दोन डोलकाठ्यांच्या जहाजाची होती. फेब्रुवारी १८४५ मध्ये मॉरिशसहून निघालेले हे जहाज वादळात सापडले. कप्तानाने तेव्हाच्या रीतीप्रमाणे शिडे आवरली आणि वारा पाठीशी घेऊन जहाज पळवले. वारा पूर्वेकडून दक्षिणेकडे, दक्षिणेकडून पश्चिमेकडे असा सारखा फिरत होता. कप्तान प्रत्येक वेळी सुकाणू वळवून वारा पाठीशीच ठेवत होता. वाऱ्याने होकायंत्राच्या पूर्ण वर्तुळाची एक फेरी घेतली, मग दुसरी, तिसरी. पाच दिवसांत अशा पाच फेऱ्या झाल्या. पिडिंग्टनने नोंदवहीतला तास-तास नकाशावर उतरवला, तेव्हा वेटोळ्यांची एक साखळीच कागदावर उमटली. जहाज तेराशेहून अधिक मैल धावले होते. निघालेल्या जागेपासून सरळ रेषेत मात्र ते साडेतीनशे मैलांच्या आसपासच सरकले होते. तेवढेच अंतर दरम्यान वादळही चालले होते. पळत असल्याच्या समजुतीत जहाज पाचही दिवस वादळाच्या केंद्राभोवती घिरट्या घालत त्याच्याबरोबर वाहत गेले.

वादळ वर्तुळात फिरते आणि पुढेही चालते, याचा याहून ढळढळीत पुरावा मिळणे कठीण होते. वारा पाठीशी घेऊन आंधळेपणाने पळणे म्हणजे वादळाला चिकटून राहणे, हा धडा त्यातून निघाला. पिडिंग्टनने १८४८ मध्ये दर्यावर्दींसाठी जे पुस्तक काढले त्यात शिंगाच्या पारदर्शक चकत्यांचा उपयोग शिकवला होता. चकतीवर एकात एक वर्तुळे आणि वाऱ्याचे बाण कोरलेले असत. उत्तर गोलार्धासाठी एक चकती, दक्षिण गोलार्धासाठी दुसरी. जहाजावर जो वारा वाहतो आहे त्याच्याशी जुळणारा बाण नकाशातल्या जहाजाच्या जागेवर आणला की चकतीचा मध्य वादळाचे केंद्र कोणत्या दिशेला आहे ते दाखवी. ज्याला गणित येत नाही अशा कप्तानालाही अंधाऱ्या रात्री दिव्याच्या उजेडात हे करता येत असे.

अर्धगोलाचा नियम

या अभ्यासातून जे नियम ठरले ते आजही नाविकांच्या परीक्षेत विचारले जातात. उत्तर गोलार्धात चक्रीवादळातला वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. वादळ ज्या दिशेने चालते तिकडे तोंड केले तर उजव्या हाताचा अर्धा भाग घातक आणि डाव्या हाताचा त्यामानाने सुसह्य. उजव्या बाजूला वाऱ्याच्या वेगात वादळाच्या चालीची भर पडते आणि तिथला वारा जहाजाला वादळाच्या वाटेपुढे ढकलतो. डाव्या बाजूला चालीचा वेग वजा होतो आणि वारा जहाजाला वादळाच्या मागे लोटतो. आपण कोणत्या बाजूला आहोत हे ओळखण्यासाठी जहाज एका जागी थांबवून वाऱ्याचे वळण पाहायचे. वारा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वळत गेला तर जहाज उजव्या अर्ध्यात आहे, उलट वळला तर डाव्या. दिशा तीच राहून जोर वाढत गेला आणि वायुभार उतरत राहिला तर वादळ थेट अंगावर येत आहे. दक्षिण गोलार्धात हे सारे उलटे होते.

वायुभारमापकाचे वाचनही शिकावे लागे. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा थोडा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो सर्वांत जास्त असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. ही रोजची चढउतार वजा करून दाब नेहमीपेक्षा ३ मिलिबारने खाली दिसला तर संशय घ्यावा आणि ५ मिलिबारने उतरला तर वादळ जवळ आहे असे मानून चालावे, हा नाविकांचा ठोकताळा. त्याआधीच दूरवरून लांब, संथ लाटा येऊ लागतात. जहाजापाशी वारा नसताना अशा लाटा आल्या तर त्या कुठल्यातरी वादळाने पाठवलेल्या असतात, हे जाणता तांडेल ओळखतो.

कोकण किनाऱ्यावर या नियमाला एक अडचण आहे. अरबी समुद्रातले वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकते तेव्हा कोकण त्याच्या उजव्या, म्हणजे घातक अर्ध्यात येते. वारा आधी पूर्वेकडून, मग आग्नेयेकडून, मग दक्षिणेकडून आणि शेवटी नैऋत्येकडून वाहतो. पुस्तकी नियम सांगतो की अशा वेळी केंद्रापासून दूर जावे. पण इथे दूर जाण्याची दिशा पूर्वेची आहे आणि पूर्वेला खडकाळ किनारा आहे. नैऋत्येचा वारा सुटला की शिडाचे गलबत किनाऱ्यावरच आदळणार. त्यामुळे वेळेत खाडीत शिरणे एवढाच मार्ग उरतो.

वर्तुळाचा सिद्धांतही पुढे सुधारावा लागला. मॉरिशसमध्ये हवामान संस्था उभारून येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांच्या नोंदवह्यांचा संग्रह करणाऱ्या चार्ल्स मेल्ड्रमने दाखवून दिले की वारा शुद्ध वर्तुळात फिरत नाही, तो केंद्राकडे वळत आत शिरतो. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड केल्यावर केंद्र बरोबर काटकोनात उजवीकडे असते असे जुना नियम सांगे. प्रत्यक्षात ते त्याहून आणखी मागे असते. हा फरक लहान वाटला तरी त्याच्या चुकीने संथ जहाज केंद्राच्या पुढ्यात जाऊन उभे राहू शकत होते.

किनाऱ्यावरचा बावटा

कप्तानाला स्वतःच्या डोळ्यांनी मिळणारा इशारा फार तर काही तासांचा होता. त्याला एक-दोन दिवसांचा इशारा मिळू लागला तो तारायंत्रामुळे. ब्रिटनमध्ये १८५९ च्या ऑक्टोबरात ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात फुटल्यावर ॲडमिरल फिट्झरॉय यांनी १८६१ पासून बंदरांवर वादळाचे इशारे टांगण्याची व्यवस्था केली. भारतात ५ ऑक्टोबर १८६४ च्या कलकत्त्याच्या चक्रीवादळाने हा प्रश्न ऐरणीवर आणला. अंदमानच्या बाजूने निघालेल्या या वादळाने हुगळीत पाण्याची भिंत ढकलली, नांगरलेली बहुतेक जहाजे काठावर फेकली आणि सुमारे ५० हजार माणसे मेली. पुढच्याच वर्षी, १८६५ मध्ये, कलकत्ता बंदरासाठी इशाऱ्यांची पद्धत सुरू झाली. १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला आणि १८६४ च्या वादळाचा अहवाल लिहिणाऱ्यांपैकी एक असलेले हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे प्रमुख झाले.

१८८० मध्ये ही व्यवस्था पश्चिम किनाऱ्यावर आली. मुंबई आणि कराचीबरोबर रत्नागिरी, वेंगुर्ला, कारवार आणि कुमठा ही बंदरे तिच्यात होती. १८८६ पर्यंत भारतातली सर्व बंदरे तिच्या कक्षेत आली. दिवसा आकृत्या आणि रात्री दिवे लावून धोका कळवला जाई. कोकणातले लोक आजही ‘तीन नंबरचा बावटा लागला’ असे म्हणतात, ते याच परंपरेतून.

बावट्याची मर्यादा १८८८ मध्ये दिसली. लखलखत्या विजेच्या दिव्यांमुळे ‘वीजळी’ म्हणून ओळखली जाणारी ‘वैतरणा’ ही आगबोट नोव्हेंबरमध्ये कच्छमधल्या मांडवीहून मुंबईकडे निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सातशेच्या आसपास माणसांसह नाहीशी झाली. चौकशीत बोटीवरची बचावाची साधने अपुरी असल्याचे पुढे आले. बावटा बंदरात दिसतो. बंदर सोडलेल्या बोटीला तो सांगण्याची सोय तेव्हा नव्हती.

बोटींवरची वस्ती

काही तरत्या घरांना दूर समुद्रात जायचेच नसते. हाँगकाँगमधले तान्का लोक पिढ्यानपिढ्या बोटींवरच जन्मले आणि वाढले. त्यांच्या सांपान आणि जंक बोटी टायफूनपुढे पळू शकत नव्हत्या. त्यांच्यासाठी शोधलेला उपाय आडोशाचा होता. १८७४ च्या टायफूनने केलेल्या संहारानंतर कॉजवे बे येथे बांध घालून निवारा-बंदर तयार करण्यात आले. ते १८८३ मध्ये पूर्ण झाले, त्याच वर्षी तिथली वेधशाळाही सुरू झाली. १८८४ पासून टायफून जवळ आल्याची वर्दी तोफ डागून देत.

१८ सप्टेंबर १९०६ रोजी आकाराने लहान पण अतिशय जोरदार टायफून आला. तोफेचा इशारा आणि वाऱ्याचा तडाखा यांत तासाचेही अंतर नव्हते. सुमारे १० हजार लोक मृत्युमुखी पडल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतले बहुतेक बोटींवर राहणारे होते. निवारा-बंदर अस्तित्वात होते, पण बंदराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या बोटींना तिथवर वल्हवत जाण्याइतका वेळ मिळाला नाही, आणि सगळ्यांना पुरेल इतकी जागाही तिथे नव्हती. म्हणून कौलूनच्या बाजूला यौ मा तेई येथे दुसरे मोठे निवारा-बंदर बांधण्यात आले. ते १९१५ मध्ये खुले झाले. निवाऱ्याची किंमत त्याच्या भिंतींइतकीच त्याच्या अंतरावर ठरते, हे हाँगकाँगने फार मोठी किंमत मोजून शिकले.

नकाशे आणि बिनतारी संदेश

खुल्या समुद्रावरच्या संथ जहाजांसाठी दुसरी मोठी मदत नकाशांची होती. अमेरिकन नौदलाचे मॅथ्यू मॉरी यांनी हजारो नोंदवह्या चाळून १८४७ पासून वारे आणि प्रवाह यांचे नकाशे काढले. १८५३ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने ब्रुसेल्सला परिषद भरली आणि नोंदी ठेवण्याची एकसारखी पद्धत ठरली. समुद्राचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनात त्या महिन्यात वारा किती वेळा कुठून वाहतो आणि तुफानाची शक्यता किती, हे दाखवणारे महिनेवार नकाशे या कामातून पुढे आले. जुन्या पंचांगाचेच हे आकड्यांतले रूप होते. सफर कोणत्या महिन्यात आखावी, हे संथ नौका आजही आधी याच नकाशांवर ठरवते.

१९०५ मध्ये जहाजावरून बिनतारी यंत्राने हवामानाची नोंद किनाऱ्याला मिळाली. १९०९ मध्ये मेक्सिकोच्या युकातानजवळून एका जहाजाने चक्रीवादळाची बातमी अशीच कळवली. आता बंदर सोडलेले जहाजही इशाऱ्याच्या कक्षेत आले. पण बातमी मिळते म्हणून निरीक्षण सोडून चालत नाही. डिसेंबर १९४४ मध्ये फिलिपिन्सच्या पूर्वेला अमेरिकेचा तिसरा नौदल ताफा टायफूनमध्ये शिरला. तीन विनाशिका उलटल्या आणि सुमारे ७९० खलाशी गेले. त्यानंतर ॲडमिरल निमिट्झ यांनी ताफ्याला पाठवलेल्या पत्राचा आशय असा होता की दूरच्या अंदाजावर विसंबून कप्तानाने समोरची लक्षणे दुर्लक्षू नयेत, आणि जहाज वाचवण्याचे उपाय ते करता येण्याजोगे असतानाच करावेत.

‘सुहेली’पासून ‘म्हादेई’पर्यंत

छोट्या शिडाच्या नौकेवर वर्ष काढणाऱ्यांनी ऋतूचा नियम पुन्हा काटेकोरपणे पाळला. ‘सुहेली’ ही ३२ फुटांची सागवानी नौका मुंबईत कुलाब्याला बांधलेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी ती घेऊन इंग्लंडमधून निघाले आणि २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, एकट्याने आणि कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा करून परतले. नौकेचा सरासरी वेग ताशी चार सागरी मैलांच्या आसपास होता. इतक्या कमी वेगात दक्षिण महासागरातली वादळे चुकवणे शक्यच नव्हते. म्हणून केप हॉर्न दक्षिणेच्या उन्हाळ्यात, जानेवारीत, ओलांडायचे असा हिशेब होता. वादळ आलेच तर नौकेच्या मागे लांबलचक दोर सोडून तिचा वेग कमी करायचा आणि पाठ लाटेकडे धरून ठेवायची, हे तंत्र त्यांनी वापरले.

गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून जगप्रदक्षिणेला निघून मे २०१० मध्ये परतले. त्यांच्या सफरीचे टप्पेही केप हॉर्न उन्हाळ्यात गाठता येईल असेच आखले होते. २०१८ मध्ये कमांडर अभिलाष टॉमी ‘सुहेली’च्या बनावटीवर गोव्यात बांधलेल्या ‘तुरिया’तून प्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरले. १९६८ ची साधने वापरण्याच्या अटीमुळे उपग्रहावरून मिळणारे हवामान-मार्गदर्शन वर्ज्य होते. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात त्यांची डोलकाठी मोडली, मणक्याला गंभीर दुखापत झाली आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना सोडवले.

टगच्या मागची घरे

विसाव्या शतकात संथ तरत्या घरांचा एक नवा प्रकार आला: ओढून न्यायचे प्रचंड सांगाडे. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर बंदर उभारण्यासाठी काँक्रीटच्या अजस्र पेट्या टगने इंग्लिश खाडी ओलांडून नेण्यात आल्या. १९ ते २२ जूनच्या वादळाने अमेरिकन सैन्याचे बंदर इतके मोडले की ते सोडून द्यावे लागले. पुढे समुद्रातल्या तेलविहिरींसाठी तराफे हलवण्याचे काम नित्याचे झाले. अशा कामाची आखणी उलट्या क्रमाने होते. आधी तराफ्याला किती उंचीच्या लाटा सोसतात ते ठरवतात, मग तेवढ्या शांत हवेचे सलग किती तास लागतील ते मोजतात, वाटेतली आसऱ्याची बंदरे निश्चित करतात आणि अंदाज तेवढी मुदत देत असेल तरच दोर बांधतात.

हा क्रम मोडला की काय होते ते २५ नोव्हेंबर १९७९ रोजी चीनच्या बोहाय आखातात दिसले. ओढून नेला जात असलेला ‘बोहाय-२’ हा तराफा वादळी हवेत उलटला आणि त्यावरच्या ७४ पैकी ७२ जणांचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी चीनच्या पेट्रोलियम मंत्र्यांना पद सोडावे लागले.

१९६० मध्ये पहिला हवामान उपग्रह अवकाशात गेल्यानंतर वादळ जन्मापासून दिसू लागले. तरी त्याच्या पुढच्या वाटेचा अंदाज अचूक नसतो. म्हणून नाविकांनी एक सोपा हिशेब स्वीकारला: एका दिवसानंतरच्या अंदाजात १०० सागरी मैलांची, दोन दिवसांनंतरच्या अंदाजात २०० ची आणि तीन दिवसांनंतरच्या अंदाजात ३०० ची चूक धरायची, त्यात सोसाट्याच्या वाऱ्याचा पट्टा मिळवायचा आणि एवढ्या सगळ्या क्षेत्राबाहेर राहायचे. अंदाज सुधारत गेले तसे हे आकडे कमी धरले जाऊ लागले, पण पद्धत तीच राहिली.

इशारा आणि निर्णय

आता राहिलेला प्रश्न इशारा पोहोचण्याचा आणि तो मानण्याचा आहे. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी वादळ कन्याकुमारीजवळ एका दिवसात बळावले. दक्षिणेतले कितीतरी मच्छीमार तेव्हा अनेक दिवसांच्या मोहिमेवर खोल समुद्रात होते आणि त्यांच्यापर्यंत बातमी नेणारे साधन नव्हते. वादळाच्या पुढून उत्तरेकडे सरकलेल्या ६८ नौका ९५२ माणसांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या. अनेक मात्र कधीच परतल्या नाहीत. त्यानंतर खोल समुद्रातल्या नौकांना उपग्रहावरून संदेश देणारी यंत्रे तयार करण्यात आली.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाच्या वेळी परिस्थिती वेगळी होती. हवामान विभागाचे इशारे काही दिवस आधीपासून दिले जात होते आणि ते पोहोचतही होते. तरीही मुंबईजवळच्या तेलक्षेत्रातले पी-३०५ हे निवासी बार्ज २६१ माणसांसह समुद्रातच राहिले. त्याला स्वतःचे इंजिन नव्हते. नांगरांचे दोर तुटले, बार्ज भरकटत तेलाच्या फलाटावर आदळले आणि १७ मेच्या संध्याकाळी बुडाले. बार्ज आणि त्याच वादळात बुडालेली ‘वरप्रदा’ टग मिळून ८६ जणांचा मृत्यू झाला.

पंचांग, वायुभारमापक, तार, बिनतारी आणि उपग्रह यांनी संथ जहाजाला मिळणारा आगाऊ वेळ तासांवरून दिवसांवर नेला. जहाजाचा वेग मात्र शंभर वर्षांपूर्वी होता तितकाच आहे. म्हणून ज्या तरत्या घराला हलायला दोन दिवस लागतात, त्याने वादळाची खात्री होण्याची वाट पाहता कामा नये. पहिल्या इशाऱ्यावरच, आभाळ निरभ्र असताना, नांगर उचलला पाहिजे. आणि तो उचलण्याचा अधिकार खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्याकडे न राहता जहाजावर माणसे सांभाळणाऱ्याच्या हाती असला पाहिजे.